ताईच्या वाट्याचा खडक

वडिलांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा धाकट्या भावाने चढावरचं चांगलं शेत घेतलं आणि ताईच्या पदरात खालची घळ टाकली. घळ म्हणजे नुसता उघडा खडक. "ताई, तुझं शिलाई मशीन आहेच की. इथे तर सुईसुद्धा रुतायची नाही," असं वर म्हणालाही. ताईने मनाशी खूणगाठ बांधली: या घळीत स्वतःच्या हाताने काहीतरी पिकवेनच.

गावाचे कपडे शिवणारी ही बाई मग संध्याकाळी खडकावर जाऊन बसू लागली. लोक म्हणाले, हिचं डोकं फिरलं. फिरलं कसलं! ती बघत होती. दिवसा तापून, रात्री गारठून दगडाचे पापुद्रे सुटत होते. फटीत उगवलेलं एक रोपटं मुळांनी ती फट रुंदावत होतं. खडक आपणहून माती व्हायला निघाला होता, पण दर पावसाळ्यात ओहोळ सगळी माती पळवून नेत होता. त्याला अडवलं की झालं.

तिने सिमेंटचा पक्का बांध घातला. पहिल्याच पुराने तो आडवा केला. भाऊ पोट धरून हसला. ताई रडली, नाक पुसलं आणि मशीनवर बसली. कापड ताणून शिवलं की शिवण उसवते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं; बांधालाही तशीच ढील हवी होती. पुढच्या खेपेला तिने नुसते दगड एकमेकांत बसवले, मध्ये फटी ठेवल्या. पाणी निघून गेलं, गाळ मागे राहिला. दर पावसाळ्यानंतर ती त्यावर आणखी एक थर चढवत गेली.

बऱ्याच वर्षांनी घळीत कमरेइतकी माती साचली आणि तिच्यावर भोपळ्याचे वेल बेफाम पसरले. पहिला भोपळा ताईने लेकरासारखा कडेवर घेऊन भर रस्त्याने मिरवत घरी नेला. काय तो तोरा! आणि का नसावा?

दुसऱ्याच दिवशी भाऊ बांधावर हजर. त्याने शेत उताराच्या दिशेने नांगरलेलं, त्यामुळे माती धुपून आता तिथे खडक उघडा पडला होता.

"ताई, यातली निम्मी माती माझ्या शेतातली आहे."

"असेल. तुझ्याकडे होती तेव्हा धरून ठेवायची होतीस."

भावाची मान खाली गेली. ताईला मनापासून आनंद झाला आणि तो तिने लपवलाही नाही. मग तिने बाह्या वर सारल्या.

"माती मिळायची नाही. दगड हवे तेवढे ने. मी दाखवते तसा बांध रच, आणि शहाणपणा करून फटी बुजवू नकोस."

भावाने मुकाट्याने पहिला दगड उचलला.