शेळीच्या पोटावरून चहाचा धंदा

चहाच्या किटलीला आतून थर चढतो, तसे दुकानदाराला किस्से चढतात. घासले तरी निघत नाहीत.

इंग्रजांच्या राज्यात सोलापुरात मिलच्या फाटकासमोर माझं चहाचं दुकान होतं. मालक मी, चहा करणारा मी, कपबश्या विसळणारा मी. नोकरावर ओरडायचं झालं तर स्वतःवरच ओरडावं लागे!

माझा मेव्हणा मिलमध्ये जॉबर, म्हणजे माणसं कामाला लावणारा मुकादम. तो म्हणाला, "दाजी, दिवाळीपतुर बघा. धंदा वाढत नसंल तर साचेखात्यात, मागावर, तुमची जागा लावतो. दिवाळीनंतर मला जमायचं न्हाय."

आता धंदा वाढतोय का नाही, हे कळायचं कसं? शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. मग एक युक्ती काढली. एक कप खपला, की मडक्यात एक चिंचोका. दर आठवड्याला नवं मडकं. कोणतं जास्त भरलं, ते डोळ्याला दिसतंय की!

* * *

पण मिल सुटली की झुंबड. हात दोनच. म्हणून गिऱ्हाइकांना सांगितलं, "आपला चिंचोका आपणच टाका."

त्या आठवड्यात मडकं काठोकाठ! मी हरखून दूध दुप्पट घेतलं. निम्मं नासलं. मग एकदा रोजचा गिऱ्हाईक पांडबा दोन्ही मुठींनी चिंचोके टाकताना दिसला.

"पांडबा, हे काय रे?"

"मालक, तुमचं बरं चालावं वाटतंय की!"

मी त्याला आणखी एक चहा दिला.

* * *

शेजारी नरसय्याच्या घरी माग होता. विणायच्या आधी सुताला खळ लावावी लागते, आणि ती खळ शिजवतात चिंचोक्यांची. एका सकाळी माझी सगळी मडकी रिकामी!

"नरसय्या, माझे चिंचोके बघितलेस का?"

"घेतले की अण्णा. सूत तुटत होतं. खळ केली."

"अरे, माझा महिनाभराचा धंदा होता तो!"

नरसय्यानं सुतावरून मायेनं हात फिरवला. "तरीच इतकी घट्ट धरली!"

* * *

मग भिंतीवर कोळशानं रेघा ओढू लागलो. दर वाराला भिंतीचा एक तुकडा. एक कारकून पांढरा सदरा घालून तिथंच टेकून बसले. उठून चालू लागले, तर रेघा पाठीवर!

मी मागं धावलो. "अहो साहेब, थांबा! मंगळवार घेऊन निघालात!"

भल्या माणसानं सदरा काढून हातात दिला. मी रस्त्यातच मोजत उभा राहिलो. तेवढ्यात बायको आली.

"अवो, धंदा सोडून लोकांचे सदरे काय बघताय?"

"धंदाच बघतोय!"

* * *

दिवाळी तोंडावर आली. नरसय्या म्हणाला, "अण्णा, तुमच्या मागच्या दारची शेळी बघा की. उकळलेल्या चहाचा गोड चोथा तीच खाते. चहा जास्त, तर चोथा जास्त. चोथा जास्त, तर शेळी जाड."

मला लई पटलं. रोज सकाळी शेळीच्या पोटाला सुतळी गुंडाळायची आणि माप येईल तिथं गाठ मारायची. गाठी पुढं पुढं सरकू लागल्या! बायको पदर तोंडाला लावून बघत उभी राहायची.

मेव्हणा आला. "दाजी, काय ठरलं? त्या जागंला दुसरा मानूस तयार हाय."

मी सुतळी पुढं केली. "बघा पावणं, गाठ कुटं होती आन् कुटं आली!"

जॉबरच तो, माझ्या शब्दावर थोडाच जाणार! स्वतः सुतळी घेऊन शेळीला गुंडाळली. शेळी मुकाट्यानं उभी.

"लईच वाढलाय की धंदा!" म्हणाला, आणि दुपारीच ती जागा दुसऱ्याला देऊन मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलचा भोंगा झाला. मी चूल पेटवत होतो. मागच्या दारातून बायकोची हाक आली,

"अवो, सुतळी घिऊन या! तुमच्या धंद्याला दोन करडं झाली!"