चूप बसणारी मशीन

वासुदेवभाऊ माणसांना वरून ओळखायचे. समोरासमोर भेटलेला माणूस त्यांच्या ध्यानात राहायचा नाही. पण कुणाचं टक्कल कुठून सुरू झालंय आणि कुणाच्या गच्चीवर कसल्या वड्या वाळताहेत, हे ते बिनचूक सांगायचे. झाडं छाटणं हा त्यांचा धंदा. आमचं बालाघाट शहर त्यांनी तीस-चाळीस फुटांवरूनच पाहिलेलं.

वडिलांच्या मागे मी मशिनींचं दुकान सांभाळायला घेतलं, त्या पहिल्याच आठवड्यात हा पन्नाशीचा काटकुळा माणूस आत आला आणि नमस्कार-चमत्कार न करता मोठ्यानं म्हणाला, “ताई, तुमच्या घरच्या टाकीचं झाकन फुटलं हाये. कावळे पानी पिऊन राह्यले.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“काल बाजूच्या सिरसाच्या झाडावर होतो ना!”

झाकण खरंच फुटलं होतं. मी टाकी धुवून घेतली आणि घरात कारण कुणालाच सांगितलं नाही.

त्यांच्यासोबत कायम सुगंधाबाई असायच्या, त्यांची बायको. भाऊ वर, बाई खाली. मोठी फांदी सोडताना दोर धरायचा, रस्त्यावरची माणसं थोपवायची, काय दिसतंय ते वर ओरडून सांगायचं, हे बाईंचं काम. “माहा जीव हिच्या हातात हाये,” भाऊ सांगायचे, “म्हनून जे भांडाचं ते जमिनीवर भांडून घेतो. वर चढलो का हिचंच राज.” त्यावर सुगंधाबाई म्हणायच्या, “जमिनीवर बी माहंच हाये. ह्यायले मालूम नाई.”

अडचण एकच होती. भाऊंची फांद्या कापायची पेट्रोलची मशीन. कानाशी मोटरसायकल सुरू करून ठेवावी तसा तिचा आवाज. वर्षानुवर्षं ती कानाजवळ चालवून भाऊ कमी ऐकू लागले होते. त्यांना स्वतःला ते कबूल नव्हतं. “लोकच हळू बोलाले लागले आजकाल,” असं त्यांचं म्हणणं. ते मात्र इतक्या जोरात बोलायचे की दुकानात नवी गिऱ्हाइकं भांडण समजून बाहेर थांबायची.

एके दिवशी भरवेलीच्या खाण कामगारांच्या वसाहतीत ते शिरीष छाटत होते. लहान फांद्या होत्या, दोर न लावता सरळ खाली सोडत होते. शेजारच्या घरातली एक बाई बाजेवरची गोधडी उचलायला अचानक झाडाखाली आली. सुगंधाबाई ओरडल्या, “थांबा!” एकदा, दोनदा, तीनदा. वर मशीन चालूच. शेवटी त्या धावल्या आणि त्या बाईला बाजूला ढकललं. फांदी सुगंधाबाईंच्या खांद्यावर आली. गळ्याजवळचं हाड मोडलं.

दोन महिने भाऊ झाडावर चढले नाहीत. मग दुकानात आले आणि पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

“मले आवाजच नाई आला, ताई. ती तीन डाव बोलली.” मग म्हणाले, “बॅटरीवाली मशीन दाखवा. हात काढला का चूप बसनारी.”

पुढचे तीन आठवडे आमच्या दुकानात दुसरं काही झालं नाही असंच मला वाटतं. मी खोक्यावरचे आकडे वाचून दाखवायला लागले, इतके व्होल्ट, एका चार्जिंगला इतकी मिनिटं. भाऊंनी खोकं माझ्या हातातून काढून घेतलं. “डब्बा नोका वाचू. मशीन पाहू द्या.” त्यांनी मशीन कमरेच्या दोराला लटकवली, गोदामाची शिडी चढले आणि तिथेच अर्धा तास लोंबकळत बसले. खालून गिऱ्हाइकं जात होती. एकाला त्यांनी वरून टाळूला लावायचं तेलही सुचवलं.

तीन मशिनी होत्या. पहिली मोठी, दणकट, लांब पात्याची. भाऊंचा जीव तिच्यावर जडला. कंपनीचा माणूस आला होता, तोही भर घालत होता, “भैया, ये तो पेट्रोलवाली को पीछे छोड़ देगी।”

“पीछे तो छोड़ देगी,” भाऊ खांदा चोळत म्हणाले, “पर ऊपर कौन ले जाएगा?”

दुसरी हलकी होती, दिसायलाही छान. पण बटण सोडल्यावर तिची साखळी थांबायला वेळ घेत होती. भाऊंनी ती परत खोक्यात ठेवली. तिसरी लहानखुरी, वरच्या बाजूला मूठ असलेली. हातमोजे घालून तिची बॅटरी बदलता येते का, ते त्यांनी डोळे मिटून पाहिलं. साखळीच्या तेलाची टाकी उलटी धरून गळते का पाहिलं. मग अंगणात बाभळीचं ओलं लाकूड आणवलं. हात झोळीत घातलेल्या सुगंधाबाई पायरीवर बसून हे सगळं बघत होत्या. भाऊंनी ऐटीत एका हातानं मशीन उचलली.

“दोन्ही हात!” बाई कडाडल्या.

“हलकी हाये ना!”

“हलकी हाये तं एक हात तोडाची हाये का? दोन्ही लावा.”

भाऊंनी मुकाट्यानं दुसरा हात लावला. ओलं लाकूड जरा सावकाश कापलं गेलं, पण कापलं. मग भाऊंनी हिशेब मांडला, “फांद्यायले ही. खोड खाली पाडल्यावर त्याले पेट्रोलवाली. जमिनीवर मी बहिरा असलो तरी चालते.” दोन बॅटऱ्यांऐवजी तीन घ्या, असा माझा सल्ला त्यांनी मानला. “दोन चालतीन, एक ऊन खाईन,” म्हणाले. मी घाईनं सांगितलं, बॅटरी सावलीत ठेवायची असते.

निघायच्या आधी त्यांनी मला गोदामाच्या मागे बोलावलं. सुगंधाबाई बाहेरच होत्या. “ताई, मी मशीन चालवतो. हात काढला का तुमी मागून हळू बोला.” त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मशीन चालली, थांबली. मी म्हणाले, “वासुदेवभाऊ.” ते वळले नाहीत. पुन्हा मशीन, पुन्हा मी. नाही. तिसऱ्यांदा वळले; पण भिंतीवर माझी सावली हलली होती, तेव्हा त्यांनी ऐकलं की पाहिलं, हे मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

“गोंदियाचा डॉक्टर म्हने, गेलं ते येत नाई, राह्यलं ते सांभाळा,” ते म्हणाले. “किती राह्यलं ते काई सांगतलं नाई त्यानं.”

पुढे त्या मशिनीवर त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दोघं तिरोडीकडच्या आपल्या गावी निघून गेली. आता माझ्याकडे कुणी झाडं कापायची मशीन घ्यायला आलं की मी आकडे सांगत नाही. आधी विचारते, “तुम्ही वर असता तेव्हा खाली कोण असतं?” लोक गोंधळतात. मग सांगतात.

पण त्या मशिनीचा झाडावरचा पहिला दिवस मी विसरणार नाही. वैनगंगेच्या बाजूला एका घरामागे अर्जुनाचं झाड होतं. मी दुकान बंद करून बघायला गेले. भाऊ वर चढले. सुगंधाबाईंचा खांदा अजून पूर्ण भरला नव्हता. त्यांनी दोराचे वेढे बाजूच्या खोडाला दिले आणि टोक चांगल्या हातात धरलं.

दोन फांद्या उतरल्या. तिसरीवर मशीन चालू झाली, भुसा खाली भुरभुरला. भाऊंनी पकड बदलायला मशीन थांबवली, त्या शांततेत सुगंधाबाई म्हणाल्या, “थांबा.” ओरडल्या नाहीत. चुलीजवळ बसून म्हणावं तसं म्हणाल्या.

वर मशीन पुन्हा चालू झाली नाही. पानांतून भाऊंचं तोंड दिसलं.

“काहून? का झालं?”

मी इकडेतिकडे पाहिलं. झाडाखाली कुणी नव्हतं. दोर नीट होता.

“काई नाई झालं,” सुगंधाबाई म्हणाल्या. “आयकू येते का पाह्यलं.”

आता वरून तोफ सुटणार, म्हणून मी मागे सरकले. पण भाऊ फांदीला टेकून बसले, मशीन कमरेला अडकवली आणि म्हणाले, “सुगंधा, आनखी बोल. काईबी बोल.”