तक्त्यातली आजोबांची चौकट

पंपवाले काका फोटो काढतात म्हटलं, की लोकांना वाटायचं, वरकमाई बरी असेल. कुठली वरकमाई अन् कुठलं काय! अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकट्याने ड्यूटी. दर तासाला दाबाचा काटा बघायचा, वहीत आकडा लिहायचा आणि मधल्या वेळात गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावायचा. गंजलेला जिना, गळक्या नळाखालचं डबकं, फरशीवर पडलेला उन्हाचा तुकडा. असले अकरा हजार फोटो. दाखवले कुणाला? कुणालाच नाही.

"अहो, एखादा स्टुडिओ टाका की!" असं ज्याने-त्याने एकदा तरी म्हणून घेतलं होतं. एका सहकाऱ्याने तर हौसेने मुलीच्या लग्नाचं काम दिलं. काकांनी जीव ओतून फोटो काढले. मांडून ठेवलेल्या खुर्च्या, दाराबाहेरच्या चपला, कुणीतरी अर्धवट सोडलेला पाण्याचा ग्लास. नवरी शोधायला गेलं तर सापडेना! सहकाऱ्याने अल्बम चाळला, मिटला, "छान आहेत हो" म्हणाला आणि पुढे दोन महिने ड्यूटी बदलताना खाली मान घालून किल्ली द्यायचा. काकांना मनातून हायसंच वाटलं. पोटासाठी पंप होता, फोटो स्वतःसाठी होते. त्यात आता कुणी लुडबुड करायला येणार नव्हतं. आलंही नाही कुणी. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून तर "आज काय टिपलंत?" एवढं विचारणारंही घरात उरलं नाही.

अशात एका सोमवारी सूनबाईचा फोन आला. मुलगा-सून दूरच्या शहरात, नात पहिलीत. "बाबा, शाळेत कुटुंबाचा तक्ता करून न्यायचाय. सगळ्यांचे फोटो हवेत. तुमचा एक आत्ताचा पाठवा ना, बुधवारपर्यंत."

"एकच? अगं, ढीगभर पाठवतो!" असं म्हणून काका शोधायला बसले. एक सापडेल तर शपथ. लग्नातला होता, त्यात ते पंचवीस वर्षांचे काटकुळे. ओळखपत्रावरचा पंपघरातल्या ओलीने पुसून गेलेला. अकरा हजार फोटोंत काका स्वतः कुठेच नव्हते. आता बोला!

सूनबाई म्हणाली होती, मोबाइलवरच काढून टाका. पण मोबाइल हातभर लांब धरून दात विचकायचे? छे! नातीच्या तक्त्यात लागायचं, तर ऐटीत लागायला हवं. शेजाऱ्याला बटण दाबायला बोलवावं, तर इतक्या वर्षांत त्याच्याशी "आज पाणी किती वाजता?" यापलीकडे बोलणं झालेलं नाही. तेव्हा काकांनी मंगळवारी रजा टाकली आणि एकट्यानेच कामाला लागले.

खुर्ची खिडकीशी ओढली, कॅमेरा स्टँडवर चढवला. पण फोकस कशावर करणार? खुर्चीत बसणारा माणूस तर कॅमेऱ्यामागे उभा! मग खुर्चीला झाडू उभा बांधला, त्यावर पातेलं उपडं घातलं, पातेल्यावर फोकस जुळवला, सगळं काढलं, टायमर लावला आणि धावत जाऊन बसले. पहिल्या फोटोत नुसता खांदा. दुसऱ्यात डोळे मिटलेले. तिसऱ्यात चेहरा असा, की नुकताच चोरी करताना सापडलाय. ऊन सरकलं की खुर्ची सरकवा, परत झाडू, परत पातेलं. नाकी नऊ आले. दुपारपर्यंत साठेक फोटो झाले आणि एकही धड नाही. "अरे, जरा हस की गाढवा!" काका मोठ्याने ओरडले. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून त्यांना खरंच हसू फुटलं आणि नेमका तेवढ्यात फोटो निघाला. स्वच्छ, सुरकुत्यांसकट, हसरा. त्यांनी तो ताबडतोब पाठवून दिला.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी स्वतःहून व्हिडिओ कॉल केला. एरवी फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू. पण आज तक्ता बघायचा होता.

"चिकटवलास का गं माझा फोटो?"

मागून सूनबाई म्हणाली, "ऐकतच नाही हो बाबा. तुमचं चित्रच काढलंय तिने." तिने तक्ता पुढे धरला. आई, बाबा, आजी, सगळे फोटोतले. आजोबांच्या चौकटीत मात्र खडूने काढलेला माणूस. हात, पाय, सदरा आणि तोंडाच्या जागी मोठा काळा कॅमेरा.

"आणि मी पाठवलेला?"

"ते कुणीतरी दुसरेच आजोबा आहेत," नात म्हणाली.

दोनदा राहायला आली होती ती, आठ-आठ दिवस. नऊशे फोटो काढले होते तिचे, जेवताना, रुसताना, झोपेत. त्या सोळा दिवसांत आपण कॅमेरा खाली कधी ठेवला, हे त्यांना आठवेना.

"बरं, मग आता बघ," ते म्हणाले आणि फोन नीट तोंडासमोर धरला. "हे आजोबा."

नातीने डोळे बारीक करून पाहिलं. "तुमच्या गालावर तीळ आहे?"

"आहे की."

"मला माहीतच नव्हतं!" तिने आणखी थोडं पाहिलं. मग तिला कुणीतरी खेळायला हाक मारली आणि ती पळाली.

"ठेवू का, बाबा?" सूनबाईने विचारलं.

"नको, राहू दे जरा. आली तर बघेल."

सूनबाईने फोन टेबलावर टेकवून ठेवला आणि ती कामाला लागली. फोनमध्ये आता नुसती भिंत दिसत होती. काका त्या भिंतीसमोर चेहरा धरून बसून राहिले.