गल्लीचं एकच खातं

पडेगावातल्या आमच्या गल्लीत ऑनलाइन खरेदीचं खातं एकच आहे, आणि ते माझं आहे. मी फार श्रीमंत किंवा फार हुशार आहे म्हणून नव्हे. सामान पोहोचवणाऱ्यांना आमच्या गल्लीत फक्त माझंच घर सापडतं, म्हणून. पिठाच्या गिरणीमागं, निळं गेट, बस्स. बाकीच्यांचे पत्ते 'गिरणीमागच्या घराच्या मागं' या जातीचे. तिकडं निघालेला माणूस वाट विचारत विचारत चहा पिऊन परत जातो आणि पार्सलही त्याच्याबरोबर परत जातं.

शिवाय आमच्याकडं रिवाजच तसा आहे. पूर्वी छावणीच्या बाजाराला कुणीही निघालं की गल्लीभर विचारायचं, "काही आणायचं का?" मग एकाच्याच पिशवीत एकीची भाजी, दुसरीचं दोऱ्याचं रीळ, तिसरीच्या नवऱ्याचं दाढीचं ब्लेड. पिशवी आणणाऱ्यानं आत काय आहे ते बघायचं आणि विसरायचं. आता पिशवीच्या जागी माझं खातं आलं, एवढाच फरक. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळं गल्लीत सगळे मला मॅडम म्हणतात, आणि मॅडमच्या पोटात गोष्ट राहते यावर सगळ्यांचा विश्वास आहे. माझाही होता.

पासवर्ड मात्र सगळ्यांना ठाऊक होता. तो ठाऊक असणं भाग होतं, नाहीतर "मॅडम, माझं पार्सल कुठवर आलं?" याचं उत्तर मला फळ्यावर गणित अर्धवट सोडून द्यावं लागायचं. तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून मी तो वाटून टाकला. प्रत्येकाच्या ऑर्डरीला ज्याचं नाव त्याचं, आणि फोन नंबरही ज्याचा त्याचा. असा माझा कारभार चोख.

शेजारच्या खालांनी माझ्या खात्यावरून गाण्याचा माइक मागवला होता. घरात कुणी नसलं की त्या दारं लावून गातात. वैजापूरकडचे एक दादा समोर राहतात, वाळूजच्या कंपनीत जातात. त्यांनी पोट आवळायचा पट्टा मागवला होता आणि तो शर्टाखाली बांधून ते श्वास न घेता ड्यूटीला जात. मी स्वतः गालांवर फिरवायचा एक दगडी रोलर मागवला होता. त्याविषयी इथं जास्त बोलणार नाही.

आणि कोपऱ्यावरच्या काकूंनी मोठ्या माणसांचे डायपर मागवले होते.

ते काकांसाठी. काका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. ताठ माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावर उभं राहून "इथून इथपर्यंत तुझं" असं सांगितलेलं, त्यामुळं आवाजही तसाच. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. लग्न नाही, बारसं नाही, संध्याकाळी गेटाशी खुर्च्या टाकून आम्ही बसतो तिथंही नाही. डॉक्टर म्हणाले, काही महिने असं चालायचंच. पण काही महिने घरात कोंडून बसलेल्या मोजणीदाराबरोबर राहणं म्हणजे काय, ते काकूंना विचारा. शेवटी एके दिवशी काकू माझ्या स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "मागवून दे बाई. पण कुणाला कळलं असं त्यांच्या कानावर गेलं ना, तर ते पुन्हा उंबरा ओलांडायचे नाहीत." काकांना त्यांनी सांगितलं की छावणीतल्या औषधाच्या दुकानातून आणते. त्यानंतर काका संध्याकाळी पुन्हा आमच्यात येऊन बसायला लागले, आणि येताच आमच्या खुर्च्या वाकड्या मांडल्यात म्हणून रागावले. मला इतका आनंद झाला की मी खुर्च्या मुद्दाम आणखी वाकड्या केल्या.

हे सगळं सुरळीत चाललं असताना त्या खरेदीच्या साइटकडून मेल आला.

'तुमची गोपनीयता आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे,' अशी सुरुवात वाचूनच मला घाम फुटला. इतक्या गोड सुरुवातीनंतर कधी चांगली बातमी येत नाही. खाली लिहिलं होतं की काही ग्राहकांची नावं, फोन नंबर आणि खरेदीचा तपशील अनधिकृत व्यक्तींच्या हाती लागला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. वर्गातली काच फुटली की पोरं मला अगदी असंच सांगतात. काच फुटली मॅडम. चेंडू कुणाचा, बॅट कुणाची, यावर अवाक्षर नाही. मी त्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. एका यंत्रानं मला बराच वेळ वेगवेगळी बटणं दाबायला लावली आणि शेवटी विचारलं, तुमचा अनुभव कसा वाटला? माझा अनुभव मी त्याला अस्सल मराठवाडी भाषेत सांगितला, पण यंत्रच ते.

मेलमध्ये दोन सूचना होत्या. पासवर्ड बदला, आणि फसवे फोन येतील, सावध राहा. मी संध्याकाळी गेटाशी सगळ्यांना गोळा केलं. काका डुलकी काढून उठायच्या आतच केलं, कारण त्यांच्यासमोर 'खरेदीचा तपशील' हे शब्द माझ्या तोंडून निघाले नसते. नवा पासवर्ड ठरवायला चर्चा झाली. दादांना त्यात वैजापूर पाहिजे होतं, खालांना नातीचं नाव. शेवटी एक तडजोडीचा शब्द निघाला आणि तो मागच्या घरांना ऐकू जावा म्हणून दादांनी गच्चीवर चढून ओरडून सांगितला. सुरक्षेचं काम पूर्ण झालं, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या सूचनेसाठी मी एक युक्ती काढली. चोर फोन करून म्हणणार, तुम्ही अमुक वस्तू मागवली होती. माणूस तिथंच फसतो, कारण वस्तू खरी असते. म्हणून मी बजावलं, "आपलं आपलं म्हणायचंच नाही. म्हणायचं, ते माझं नाहीच. नाहीतर दुसऱ्याचं ते आपलं म्हणून सांगायचं. त्याच्या माहितीचं पार भरीत करून टाकायचं."

वर्गात इतकं मन लावून माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

पहिला फोन खालांना आला. तुम्ही घेतलेल्या माइकवर बक्षीस लागलंय म्हणाला. खाला म्हणाल्या, "मैं कैकू माइक मंगाऊँ रे? मेरी आवाज तो ऐसेच दौलताबाद तक जाती." आणि पुरावा म्हणून त्यांनी त्याला एक गाणं ऐकवलं. त्यानं फोन ठेवला, तेव्हा गाण्याचा नुसता मुखडाच झाला होता, याचं खालांना फार वाईट वाटलं. मग दादांना फोन आला. पट्ट्याचे पैसे परत मिळतील, फक्त मोबाइलवर आलेला आकडा सांगा. दादा म्हणाले, "पट्टा व्हय? तो बैलासाठी मागवला होता. बैल पट्ट्यासकट वैजापूरच्या बाजारात गेला. लई चांगला पट्टा. बैल बारीक दिसत होता." गल्लीला करमणूक झाली. कुणाला फोन आला नाही तर तो माणूस हिरमुसला व्हायला लागला.

मी मात्र हसता हसता कोपऱ्यावरच्या घराकडं बघत होते. त्या घरात फोन एकच. दिवसा तो काकूंच्या हाती आणि संध्याकाळी काकांच्या खिशात. पार्सलं दिवसा येत, म्हणून आजवर निभावलं. चोर मात्र कधीही फोन करणार. मी काकूंना गाठून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळी फोन बंदच करून ठेवायला सुरुवात केली. काकांना वाटलं फोन बिघडला. ते तो दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले, दुकानदारानं बटण दाबून चालू करून दिला, आणि एवढ्यासाठी चकरा मारायला लावल्याबद्दल काकांनी त्यालाच झापलं. त्यानंतर फोन खिशातून हलेना. आंघोळीलासुद्धा ते तो कोनाड्यात नजरेसमोर ठेवत.

फोन आलाच. संध्याकाळीच आला, आम्ही सगळे खुर्च्यांवर असताना. काकांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"नमस्कार सर," पलीकडचा माणूस मधाळ आवाजात म्हणाला. "तुम्ही जे मोठ्या माणसांचे डायपर मागवले होते ना, त्यावर रिफंड मंजूर झालाय."

माझ्या हातातला कप तिथंच थांबला. काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी फोनकडं बघितलं, मग काकूंकडं, आणि त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मला रडूच आलं. हा माणूस आता उठेल, आत जाईल आणि पुन्हा बाहेर यायचा नाही, एवढंच मला दिसत होतं.

मी ओरडले, "ते माझे आहेत!"

"ऐसा कैसा?" खाला खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मेरे हैं वो. मैंच मंगाई."

"ओ, माझे हायत," दादा म्हणाले. "कंपनीची बस मधी कुठं थांबवत नायत. वाळूजपासून इथपर्यंत काय करायचं माणसानं?"

पलीकडचा गोंधळला. "एक मिनिट, सर कोण बोलतायत?"

"मीच सर," खाला म्हणाल्या.

"साइज मीडियम आहे ना?" पलीकडच्यानं बिचाऱ्यानं धंदा पुढं रेटायचा प्रयत्न केला.

"व्हय, मीडियमच," दादांनी ठोकून दिलं.

"गप्प बसा सगळे!" काका गरजले.

सगळे गप्प बसलो. पलीकडचाही गप्प बसला. काकांनी फोन तोंडाजवळ धरला आणि बांधावरच्या आवाजात म्हणाले, "माझे हायत ते. माझं ऑपरेशन झालंय, म्हणून लागतात. मीडियम नाय, लार्ज. मापाची चूक मी खपवून घेत नसतो. आता बोल पुढं. आकडा पायजे ना तुला?"

फोन कट झाला.

काका दादांकडं वळले. "आणि तू रे? मीडियम? स्वतःचा घेर बघितलास का कधी?"

दादांना त्या वेळी पट्टा फार आवळत असावा, कारण ते हसले आणि पट्ट्याची पकड फर्र करून सुटली. मग कुणालाच आवरेना. काकूसुद्धा हसत होत्या, पदरानं डोळे पुसत. काका हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. ते बसून राहिले आणि चहा गार झाला म्हणून कुरकुरले.

सगळे उठल्यावर खुर्च्या आत नेताना मी खालांना हळूच विचारलं, "तुम्हाला नवल नाही वाटलं? काकांचं ऐकून?"

"उसमें क्या नवल?" त्या म्हणाल्या. "हमकू कबसे मालूम है. मेरा माइक कहाँ तक आया देखने को खोली, तो नीचेच दिखा. सबकू मालूम है. पासवर्ड तूच दी ना री?"

मी खुर्ची खाली ठेवली. महिनोनमहिने मी एकटी हे गुपित पोटात धरून बसले होते आणि माझ्या पोटाचा मला केवढा गर्व होता. गल्लीतल्या एकूण एक पोटात ते होतं. रोज संध्याकाळी ही सगळी माणसं काकांच्या शेजारी बसत होती, खुर्च्यांवरून त्यांच्या शिव्या खात होती, आणि एकाच्याही तोंडून कधी शब्द निसटला नव्हता. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त माया दाटून आली. माझ्या रोलरचंही सगळ्यांना माहीत असणार, हे मात्र माझ्या ध्यानात जरा उशिरा आलं.

सकाळी मी शाळेला निघाले होते. पौर्णिमा होती, म्हणून आधी विहारात जायचं होतं आणि मी घाईत होते. गिरणीसमोर दळणाला माणसं थांबलेली. तेवढ्यात कोपऱ्यावरून हाक आली. काका स्वतःच्या गेटाशी ताठ उभे होते.

"ओ मॅडम! माझं पाकीट संपत आलंय. आज मागवा. लार्ज लिहा, नीट बघून लिहा!"

गिरणीपाशी उभ्या असलेल्या माणसांनी माना वळवल्या. काकू घाईघाईनं बाहेर आल्या आणि त्यांचा सदरा मागून ओढत म्हणाल्या, "अहो, हळू बोला की. लोक ऐकतील."

"ऐकू दे," काका म्हणाले. "चोरांना कळलंय, मग शेजाऱ्यांनीच काय घोडं मारलंय?"