मुंजाजीच्या गळ्यातली किल्ली

समजा, हा फोटो साफ करायचं काम तुमच्याकडे आलंय. स्क्रीनवर तो मोठा करा. स्टुडिओतला उसना कोट, पांढरी टोपी, ताठ बसलेला तिशीतला कारकून. आणि कोटावर, अगदी छातीच्या मधोमध, काळ्या दोऱ्यात ओवलेली वीतभर लोखंडी किल्ली. एवढा कोट घालून किल्ली बाहेर कोण काढतं?

चौसाळ्यातल्या आमच्या शेतकरी सहकारी सोसायटीचं पुस्तक निघतंय. त्यासाठी जुन्या नोकरांचे फोटो मी दुरुस्त करते. चेअरमन मोहनराव म्हणाले, "मुंजाजीच्या गळ्यातलं ते लोंबतंय तेवढं पुसून टाक. इंजिनिअर हायेस, तुला काय अवघड?"

अवघड नव्हतंच. पण आधी मी फोटो घेऊन सुंदरआजीकडे गेले. ती मुंजाजीची बायको, आता नव्वदीच्या पुढची.

"पुसतो म्हणतो?" आजी बाजेवर उठूनच बसली. "ऐक मग."

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. दुष्काळ पडलेला. सोसायटीच्या गोदामात सगळ्या सभासदांचा कडबा. दाराला दोन कुलपं. एकाची किल्ली मुंजाजीकडे, दुसऱ्याची चेअरमन भगवानरावांकडे. हे भगवानराव म्हणजे मोहनरावांचे आजोबा.

एक दिवस भगवानराव गाड्या जुंपूनच आले.

"किल्ली दे. माझे बैल उपाशी हायेत."

"गावाचे काय जेवून बसलेत, मालक? समद्यांना बोलवा, मग उघडतो."

"नोकर हायेस बे तू!"

"सोसायटीचा हाय. तुमचा न्हाई."

मुंजाजीने स्वतःच गाव गोळा केला आणि सगळ्यांसमोर आपलं कुलूप उघडलं. भगवानराव म्हणाले, माझी किल्ली हरवली. तेव्हा बायकांनी पहार आणली. दुसरं कुलूप तुटलं, कडबा घरटी वाटला गेला.

मुंजाजीची नोकरी गेली. किल्ली जमा कर, असा निरोप आला. ती देण्याआधी त्याने बीडचा स्टुडिओ गाठला.

"ती आत घाला, चांगलं दिसत नाही," फोटोवाला म्हणाला.

"कोट काढून घ्या पायजे तर. किल्ली ऱ्हाऊ द्या. उद्या म्हणतील, मुंजाजीनंच हरवली, म्हणून कुलूप तोडावं लागलं."

मी किल्ली पुसली नाही. तिच्यावरचा बुरशीचा डाग तेवढा काढला. आता दातेसुद्धा स्पष्ट दिसतात. छापायचा तर असाच छापा, मोहनरावांना सांगणार आहे.

"सांगच," आजी म्हणाली. "आन् एक इचार त्याला. आमची किल्ली तर ही दिसती. त्याच्या आज्याची कुठं गेलती?"