बाबांच्या कॉम्प्युटरवरची वेळ

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या हट्टामुळे, आणि त्याचा ताबा घेतला बाबांनी. मी तेव्हा कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये शिकवत होते. बाबा अंबडच्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. तिथे त्यांचा जन्म मोजमाप करण्यात गेला होता आणि घरी मोजायला काही उरलं नव्हतं. इंदिरानगरमधल्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल आलं, आईनं जुन्या साडीचं झाकण शिवलं, आणि आठवडा व्हायच्या आत बाबांच्या लक्षात आलं की कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतंय.

मी म्हटलं, पडू दे. स्वयंपाकघरातलं घड्याळ आम्ही मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवायचो, सगळ्यांच्याच घरी ठेवतात तसं. ते पुढे आहे हे पक्कं माहीत असूनही आम्ही रोज त्याला घाबरून आवरायचो. एक घड्याळ पुढे, एक मागे, फिटंफाट झाली. बाबांना हा विनोद मुळीच आवडला नाही. भिंतीवरचं घड्याळ चुकलं तर समजून घेता येतं, पण कॉम्प्युटर चुकतो म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग शोध सुरू झाला. आधी आतला बटणासारखा सेल बदलला. काही फरक नाही. मग सेल बसतो त्या खाचेतली धातूची पट्टी खोडरबरानं घासून लख्ख केली. वायर बदलली, स्टॅबिलायझर आणला. कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस दोनदा येऊन गेला, त्यानं सगळं पुसून पुन्हा भरलं, चहा घेतला आणि सांगितलं की दोष मुख्य बोर्डातच आहे, बोर्ड बदला. बाबांना ते पटेना. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दिवसभर बघायचं, ही त्यांची कारखान्यातली शिस्त होती. बोर्ड बदलला तर दोष जाईल, पण तो काय होता हे कधीच कळणार नाही, म्हणून ते चिडायचे. मी त्यांच्यावर चिडायचे. घरात दुसरा विषयच राहिला नव्हता.

कॉम्प्युटर चालू असो की बंद, एका दिवसात ते घड्याळ पाऊण तास तरी मागे जायचं. रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांआधी रेडिओवर पिप वाजायचे, त्या ठोक्यावर बाबा वेळ लावायचे. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाऊण तास गायब. एकदा त्यांनी मला बळेच शेजारी बसवलं आणि सेकंदांकडे बघायला लावलं. आकडे नीट पळत होते. मग एका आकड्यावर येऊन ते थबकले. फार नाही, आपण बोलता बोलता श्वास घ्यायला थांबतो तेवढेच, आणि पुन्हा चालू लागले.

"बघितलंस?" बाबा हळूच म्हणाले. "मधलं कुणीतरी काढून घेतंय."

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आला याचाच मला राग आला. मी उठून आत गेले. बाबा तिथेच बसून राहिले. पुढे पुढे तर ते काही दुरुस्त करायचेही बंद झाले. नुसते बसायचे आणि कधी थांबतं ते बघायचे.

ते गेले ते त्याच खुर्चीत, एका दुपारी. मी क्लासमध्ये होते. आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांची मान कलली होती आणि समोर पडद्यावर आकडे पळत होते. मी पोचले तोवर गल्लीतले डॉक्टर येऊन गेले होते. आई भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. लासलगावहून आत्या यायला अंधार पडला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरात सगळं आयुष्य गेलेली, आवाज लिलावातला, आणि धर्माच्या बाबतीत कुणाचं ऐकणारी नव्हे.

पंचवटीतले गुरुजी आले. त्यांनी पंचांग मांडीवर घेतलं आणि वेळ विचारली. त्या दिवशी दुपारीच पंचक लागत होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पंचक म्हणजे महिन्यातले काही वाईट नक्षत्रांचे दिवस. त्या काळात गेलेला माणूस एकटा जात नाही, मागच्यांतलं कुणीतरी न्यायला परत येतो, असं आमच्याकडे मानतात. त्यासाठी शांत करतात, आणि जिथे माणूस गेला ते घर काही महिने कुलूप लावून सोडतात. दिवासुद्धा लावत नाहीत.

आई म्हणाली, स्वयंपाकघरातलं घड्याळ काही बरोबर नसतं. तिनं तेवढंच म्हणायचा अवकाश, आत्या पुढे सरसावली.

"त्या भिंतीवरच्याचं नकोच सांगू, ते पुढं हाय. त्या मशीनमधला टाइम काय व्हता ते सांग. मशीन नाय चुकत."

आईनं पडद्यावर पाहिलेली वेळ सांगितली. गुरुजींनी बोट फिरवून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. थोडक्यात वाचलात, म्हणाले. त्यानंतर जेमतेम पंधरा-वीस मिनिटांनी पंचक लागलं होतं. आत्यानं हात जोडले. माझं डोकं त्या वेळी चालतच नव्हतं, मी नुसती बाबांच्या पायांकडे बघत होते.

रामकुंडावर सगळं झालं, तेरावा झाला, पाहुणे पांगले. त्या दुपारी घर इतकं गप्प झालं की मला ते सहन होईना. काहीतरी चालू असावं म्हणून मी झाकण काढून कॉम्प्युटर लावला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि पडद्यावर पहाट होती. इतक्या दिवसांत कुणी वेळ लावली नव्हती, त्यामुळे घड्याळ कितीतरी तास मागे राहिलं होतं. मी ते बघत बसले आणि मग मला हिशेब लागला. बाबा गेले त्या दुपारीही ते मागेच असणार. आदल्या संध्याकाळी लावलेलं, म्हणजे अर्ध्या तासाच्या वर मागे. बाबा पंचकातच गेले होते, आणि आम्ही त्या घरात दिवा लावून राहत होतो.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही नाही. पण विश्वास नसणं आणि भीती न वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दुपारी कळलं. मी आईला काही बोलले नाही. पाठ खिडकीकडे करून त्या खोलीत बसायचं मात्र सोडलं.

महिना झाला असेल, लासलगावहून फोन आला. आत्याचे दीर गेले. ते पुष्कळ म्हातारे होते आणि अंथरुणाला खिळलेले होते. शिवाय आत्याचे दीर म्हणजे आमच्या कुळातले कुणीच नव्हेत. पण आत्याला कुळाचा एवढा काथ्याकूट नको होता. तिच्या मनात किडा शिरला. भावाची वेळ खरी सांगितली होती ना? मी येते रविवारी, म्हणाली, आणि ते मशीन माझ्या डोळ्यांनी बघते. चुकत असलं तर घराला त्याच दिवशी कुलूप.

आई फोनवर बरं म्हणाली. मी मात्र रविवारपर्यंत नीट जेवले नाही. चोरून वेळ लावून ठेवावी असं मनात आलं, म्हणून शनिवारी क्लासवरून आल्या आल्या झाकण काढलं. कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावर माझ्या मनगटावरचीच वेळ होती. मिनिटाचाही फरक नव्हता. बाबा वर्षभर खपूनही जे घड्याळ दुरुस्त झालं नाही, ते आपोआप बरोबर चाललं होतं. मी मॉनिटरच्या पाठीला हात लावला. ती कोमट होती. मी तर आत्ताच बटण दाबलं होतं. आई मागच्या दारी भाजी निवडत होती, आणि आईनं जन्मात माउसला बोट लावलेलं नव्हतं. मी झाकण तसंच टाकून आईजवळ जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलले नाही.

रविवारी आत्या आली. पाणीसुद्धा न घेता ती टेबलाशी गेली, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे. मग तिथेच खाली बसून ती रडली. माझा भाऊ सुखानं गेला, म्हणाली. नंतर दोन घास जेवली आणि सहाच्या एसटीनं परत गेली. मी तिला स्टँडवर पोचवून आले. येताना रिक्षात मला सारखं वाटत होतं की घरी जाऊच नये.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत रेडिओ चालू होता, बातम्यांआधीचे पिप वाजत होते. आणि बाबांच्या खुर्चीत पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. मी उंबऱ्यातच थांबले. मग शेवटचा पिप वाजला, माउसचा कट् असा आवाज झाला आणि त्या माणसानं पदरानं घाम पुसला. ती आई होती. इस्त्री धरावी तसा तिनं माउस गच्च धरला होता.

मी विचारलं, हे तू कधी शिकलीस. ह्यांना रोज बघत होते की, ती म्हणाली. आत्याचा फोन आल्यापासून ती रोज संध्याकाळी वेळ लावत होती, आणि शनिवारी माझ्या येण्याआधी व रविवारी आत्या पोचायच्या आधी तिनं ती पुन्हा ताडून लावली होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी म्हटलं, म्हणजे तुला माहीत होतं ते मागे होतं. त्या दिवशी.

"माणूस गेलं की बाया आधी रडतात," आई म्हणाली. "मी आधी कॅलेंडर पाहिलं. पंचक लागून गेलं होतं. मग समोर हे घड्याळ दिसलं. त्याच्यात लागायचं होतं अजून."

डॉक्टरांना बोलवायच्या आधी, शेजाऱ्यांना हाक मारायच्या आधी, बाबा तसेच खुर्चीत असताना तिनं हे सगळं केलं होतं. मला तिची भीती वाटली, आणि रडूही आलं. मी म्हटलं, अगं, काही महिन्यांचा तर प्रश्न होता. आत्याकडे राहिलो असतो.

"आणि हे न्यायला आले असते तर?" ती म्हणाली. "कुलूप बघून परत गेले असते."

ती हे अगदी साधेपणानं बोलली. पडद्यावर सेकंद पळत होते. मी त्यांच्याकडे न बघता विचारलं, आणि तुझ्याऐवजी मला न्यायला आले तर?

आईनं कॉम्प्युटर बंद केला, झाकण घातलं, त्याच्या कडा नीट केल्या.

"दाराकडच्या बाजूला मी झोपते ना," ती म्हणाली.