कोंडाबाई पाठराखीण गेल्या

कोंडाबाई माणसांपेक्षा कोंबड्यांशी जास्त बोलतात, आणि खरं सांगायचं तर कोंबड्यांशीच बऱ्या बोलतात. कळंबपासून आत असलेल्या आमच्या वस्तीवर त्यांचं नि माझं अंगण शेजारी-शेजारी, मध्ये बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. त्यामुळे त्यांच्या शिव्या मला सकाळच्या चहाबरोबरच मिळतात.

अंडी उबवत बसलेल्या त्यांच्या खुडूक कोंबडीखालून निघालेली पिलं यंदा बघता बघता मोठी झाली. लहान होती तोवर सगळी एकाच पंखाखाली झोपायची. आईनं चोच मारून लांब केल्यावर मात्र त्यांची आपसात जुंपली. मानेची पिसं फुलवून दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या, उड्या मारून टोचायच्या आणि जी मान खाली घालेल ती हरायची. थोड्याच दिवसांत सगळं ठरूनही गेलं. अजून अंड्यावर न आलेल्या त्या तलंगांत लाल तलंग सगळ्यांत वरची. कण्या टाकल्या की आधी ती खाणार, मग बाकीच्या आपापल्या पायरीनं, आणि शेवटी एक करडी तलंग. तिला सगळ्याच टोचायच्या. ती कुणालाच टोचायची नाही, कारण तिच्या खाली कुणी नव्हतंच.

करडीच्या मानेतून रक्त आलं तेव्हा कोंडाबाईंना राहवलं नाही. हळद-तेल लावून त्यांनी तिला घरात डालग्याखाली झाकून ठेवलं. घरात आणखी एक होतीच. त्यांची लेक सोनाली दिवाळीनंतर माहेरी आली ती परत गेली नव्हती. तिला दिलं होतं तेरखेड्याला. सासरी फटाके बनवायचं काम, आणि जावांमध्ये ही धाकटी. थोरल्या जावा सावलीत बसून पाकिटं बांधायच्या आणि ही उन्हात वाती वाळवायची. जेवायला शेवटी बसायची, उरलं असेल ते. काहीही बिघडलं की नाव हिचंच. नवरा रणधीर मोबाईलमध्ये मान घालून बसलेला. जावांपेक्षा मला त्याचाच राग जास्त येतो.

फटाक्यांचा हंगाम तोंडावर आला तसा तिकडून निरोप आला की आता पाठवा, नाहीतर कायमची ठेवून घ्या. सोनालीला जायचं होतं. "म्या जाती आई," ती म्हणाली, "पर पुन्हा तसंच झालं तर म्या तिथं टिकायची न्हाय." लेक टिकेल का, हा एकच घोर कोंडाबाईंना लागला.

त्याच सुमारास करडीच्या मानेची जखम भरली म्हणून त्यांनी तिला पुन्हा कळपात सोडलं. ज्या बहिणींबरोबर ती वाढली, त्यांना ती आता परकी झाली होती. शेवटची का होईना, तिची एक जागा होती, तीही कुणी राखली नव्हती. सगळ्या एकजात तुटून पडल्या. डोळा थोडक्यात वाचला. कोंडाबाई मटकन खाली बसल्या. "म्या घरात ठेवली, तिथंच चुकलं," म्हणाल्या. सोनाली दारात उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्यांदा सोडताना त्यांनी माझ्याकडून एक लहानसं पिलू मागून नेलं. "एकलीला कळपात सोडू न्हाय पोरी. दोघी असल्या की मार वाटून जातो."

मार वाटला गेला खरा. पण करडीनं काय करावं? जरा उसंत मिळाल्याबरोबर वळून त्या पिलालाच टोचलं. "बेइमान!" कोंडाबाई ओरडल्या. करडी मात्र त्या दिवसापासून पोटभर कण्या खायला लागली. कण्यांना सगळ्यांत शेवटी आता माझं पिलू यायचं.

मग कोंडाबाईंनी भलतंच काढलं. पाठराखीण म्हणून लेकीबरोबर जायचं म्हणाल्या. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्या सोबतीला कुणी मावशी, आत्या, आजी पाठराखीण जाते. सख्खी आई जात नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला पाठराखीण कुणी देत नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत.

"लोक तोंडात शेण घालतील," त्यांचे मालक बिभीषण म्हणाले.

"घालू द्या. लेकीच्या ताटात काय पक्वान्नं पडायलीत व्हय?"

गेल्या. बऱ्याच दिवसांनी एसटीनं एकट्याच परत आल्या. मी कुंपणापाशी गेले तर कण्या टाकत बसल्या होत्या. चेहरा पार उतरलेला.

"जावांनी पहिल्या दिवसापासून मलाच धरलं," त्या सांगू लागल्या. "शिळी भाकर, शेवटचं ताट. म्या म्हनलं, बरं झालं, लेकीचं माझ्यावर आलं."

"मग?"

"मग एक दिवशी माझ्या हातून वातीचं सूप उलटलं. थोरली काय बोलायच्या आत सोनालीच माझ्यावर वरडली. समद्यांच्या म्होरं. फुकट खातीस, अन् एक काम धड करीत न्हायस, म्हनली. थोरली हसली. सोनालीला म्हनली, ये गं, बस सावलीला."

माझ्या अंगाची लाही झाली. "अन् मावशी, तुम्ही ऐकून घेतलंत?"

"म्या मान खाली घातली."

खाली कण्यांवरून झोंबाझोंबी चालली होती. करडी मध्येच घुसून खात होती. माझं पिलू कडेला उभं होतं. मी त्यांच्या अंगणात जाऊन ते उचलून घेतलं. कोंडाबाईंनी अडवलं नाही.

"पण आता तुम्ही आलात निघून," मी म्हटलं. "पुन्हा तीच खाली जाईल की."

"न्हाय जायची. दिराचं लगीन ठरलंय. नवी येतीय." त्यांनी मूठभर कण्या टाकल्या. "त्या पोरीची आई जिवंत हाय का, ते बी म्या इचारलं न्हाय."

मी विचारलं, "सोनाली फाट्यापर्यंत आली असेल सोडायला?"

"न्हाय. सावलीत बसली व्हती," कोंडाबाई म्हणाल्या. "जागा जाईल म्हनून उठली न्हाय."